तालात दाबलेलं बटण

प्रसेनजीत कांबळेला स्वस्थ बसलेला कुणी पाहिलेला नाही. बसला की पाय हलतो, पाय दाबून धरला तर बोटं सुरू होतात, आणि हातात चहाचा कप दिला तर हा माणूस दातावर दात आपटून आतल्या आत काहीतरी वाजवत राहतो. चौदा वर्षांपूर्वी त्याच्या लग्नात त्रिशरण-पंचशील चालू असताना त्यानं खुर्चीच्या दांड्यावर असा काही ठेका धरला, की सासऱ्यांनी हळूच चौकशी केली, नवरदेवाला काही त्रास वगैरे आहे का. नवरीनंच मान खाली घालून सांगितलं, ड्रम वाजवतात ते. सासऱ्यांचं त्यावर समाधान झालं की नाही, ते अजून कुणाला कळलेलं नाही.

आता त्याचं वय एकेचाळीस. आकाराम माने यांच्या चांदणी ऑर्केस्ट्रात अठरा वर्षं ड्रमच्या मागे हाच बसतो. हळद असो, साखर कारखान्याचा वर्धापनदिन असो, नाहीतर चौदा एप्रिलच्या आठवड्यात गावोगावी होणारे गाण्यांचे कार्यक्रम असोत, चांदणी म्हटलं की आकारामचा कीबोर्ड आणि प्रसेनजीतचा ड्रम, हे ठरलेलं. गायक आले आणि गेले. या दोघांच्या जागा हलल्या नाहीत.

पण जिल्ह्यात त्याचं नाव झालं होतं ते वाजवण्याइतकंच दुसऱ्या एका गोष्टीसाठी. ड्रमरनं काय विकत घ्यावं, हे प्रसेनजीतला विचारायचं. गडहिंग्लजपासून कोडोलीपर्यंत कुणालाही ड्रमचं काही घ्यायची हुक्की आली, की आधी याला फोन. आणि याच्याकडे उत्तर तयार. पहिल्यांदा बसायचं स्टूल घे, ड्रम नंतर. पाठ गेली तर ड्रम काय डोक्यावर घेऊन नाचणार आहेस? मग पायाचं पेडल, आणि त्यात काटकसर नको. मग जाड सतरंजी, म्हणजे ऐन रंगात ड्रम पुढे पळणार नाही. ड्रम आवळायच्या किल्ल्या दोन घे, एक पेटीत आणि एक गळ्यात. काड्या घेताना दुकानाच्या काचेवर घरंगळत सोडून बघ, वाकडी असेल ती तिथंच लंगडते. सिंबल, म्हणजे काडीनं वाजवायच्या त्या पितळी थाळ्या, मात्र सगळ्यात शेवटी. ड्रमचं कातडं बदलता येतं, स्क्रू पिळता येतो. सिंबल जशी निघाली तशी निघाली. ती घ्यायला कान लागतो, आणि तो काही दुकानात मिळत नाही. हे शेवटचं वाक्य तो जरा थांबून म्हणायचा. समोरचा माणूस मान डोलवायचा, आणि दुकानात जाताना यालाच बरोबर घेऊन जायचा.

अशा माणसाच्या स्वतःच्या सिंबलांनी वर्षभरापासून त्याला छळायला घेतलं होतं. आधी हायहॅट मेली. हायहॅट म्हणजे पायानं उघडझाप करायच्या दोन सिंबलांची जोडी. सगळा ठेका तिच्यावर चालतो. तिचा तो बारीक, स्वच्छ आवाज हळूहळू फडक्यात गुंडाळल्यासारखा व्हायला लागला. त्यानं ती कोडोलीच्या एका ड्रमरला देऊन टाकली आणि नवी घेतली. नवी चार महिन्यांत तशीच झाली. मग मोठी सिंबल बदलली. मग पुन्हा हायहॅट. हल्लीच्या धातूतच दम राहिला नाही, असं तो भेटेल त्याला सांगायला लागला. आणि तोवर करायचं काय, तर जोरात मारायचं. तो जोरात मारत होता, आणि दर कार्यक्रमानंतर कानात एक शिट्टी घेऊन घरी येत होता. पूर्वी ती सकाळपर्यंत जायची. आता ती राहायलाच आली होती. त्याबद्दल तो कुणाशी बोलला नाही. सगळ्याच ड्रमरांचे कान वाजतात, आणि कापूस घालून ड्रम वाजवणारा माणूस म्हणजे हातमोजे घालून भाकरी थापणारी बाई, हे त्यानंच एकदा स्टेजवरून माईकवर म्हटलं होतं. लोक हसले होते.

विषयाला तोंड फोडलं ते डाळीनं. श्रुती, म्हणजे त्याची बायको, हायस्कुलात गणित शिकवते. एका रविवारी तिनं कुकर चढवला, तीन शिट्ट्या झाल्या की बंद करा म्हणून सांगितलं आणि ती केस धुवायला गेली. प्रसेनजीत ओट्याला टेकून दोन चमच्यांनी एक अवघड तुकडा बसवत होता. तो मनासारखा बसत नव्हता म्हणून पुन्हा, मग पुन्हा. एवढ्यात कुणीतरी दार धडाधडा बडवलं. त्यानं लगेच उघडलं. खालच्या मजल्यावरच्या चिमणाबाई धापा टाकत उभ्या होत्या.

त्यांनी विचारलं, घरात कुणी हाय का न्हाय? अकरा शिट्ट्या मोजल्या त्यांनी खालून. यानं मागे वळून पाहिलं तर कुकर त्याच्यापासून दोन हातांवर थडथडत होता आणि घरभर जळकट वास सुटला होता.

श्रुती ओल्या केसांनी बाहेर आली, गॅस बंद केला आणि त्याच्याकडे बघत राहिली. ती चिडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तालात होतो, असं तो म्हणाला. ती म्हणाली, "दार वाजलेलं ऐकलंत तुम्ही. जाड आवाज ऐकू येतो. शिट्टी नाही आली." गणिताच्या बाई त्या, दोन ओळी मांडल्या आणि उत्तराखाली रेघ मारली. दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना तिनं राजारामपुरीतल्या कान तपासायच्या केंद्रात नाव नोंदवूनच टाकलं.

तपासणीला चार दिवस होते. ते चार दिवस प्रसेनजीतनं कसे काढले ते त्याचं त्याला माहीत. जेवताना उठून गॅलरीत जायचा, गॅलरीतून परत ताटावर. गाडी घेऊन रंकाळ्याला जायचा आणि गाडीवरून न उतरताच माघारी यायचा. ड्रमरचा हात मोडला तर लोक भेटायला येतात, फळं आणतात. कान गेला तर काय आणतील? कान गेलेला ड्रमर ही लोकांनी हसायची गोष्ट. आकारामला कळलं तर तो भला माणूस आहे, तोंडावर काही बोलणार नाही, फक्त पुढच्या महिन्याच्या तारखा सांगायला फोन करायचा नाही. अठरा वर्षांची ती जागा, ते स्टूल, त्यावर दुसरंच कुणीतरी बसलेलं त्याच्या डोळ्यांसमोर येई. ड्रमच्या मागे तो होता तेवढाच माणूस होता. बाकी वेळ तो फक्त इकडून तिकडे फिरत असायचा.

केंद्रात राजवीर नावाचा तरुण तपासनीस होता, नुकताच शिकून आलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला. त्यानं प्रसेनजीतला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात एक बटण दिलं. बारीक सूर वाजतील, काही तर अगदी पुसट असतील. सूर ऐकू आला की दाबायचं, एवढंच. दार बंद झालं. बाहेरचं जग गेलं आणि आत राहिली ती फक्त त्याची शिट्टी.

पहिले सूर जाड होते. ते त्यानं सहज पकडले. मग सूर चढत गेले, आणि पुसट होत गेले, आणि एका जागी आल्यावर त्याला नीट कळेना, की सूर येतोय की आपल्याच कानातलं काही आहे. पण एव्हाना दुसरंच काहीतरी झालं होतं. राजवीर सूर सोडायचा, जरा थांबायचा, पुढचा सोडायचा, आणि चार सूर झाले की थोडं जास्त थांबून कागदावर खूण करायचा. प्रत्येक वेळी तेवढंच थांबणं, प्रत्येक वेळी चौथ्यानंतर तीच रिकामी जागा. प्रसेनजीतनं काही मोजलं नाही. अठरा वर्षं जो माणूस न वाजलेल्या मात्राही अंगात धरून बसतो, त्याला मोजावं लागत नाही. जिथं सूर यायला हवा तिथं त्याचा अंगठा खाली जात होता, आणि अंगठा खाली गेला की त्याला वाटत होतं, हो, आला होता की सूर.

राजवीरनं कागद बघितला आणि त्याचे डोळे मोठे झाले. त्यानं सांगितलं, की या वयात, आणि तेही ड्रमरचे, असे कान त्यानं पाहिले नव्हते. वीस वर्षांच्या मुलाचे शोभतील असे आहेत म्हणाला. प्रसेनजीतनं त्या पोराला मिठी मारायचीच बाकी ठेवली. बाहेर येऊन त्यानं कागदाचा फोटो काढला आणि जिल्ह्यातल्या ड्रमरांच्या ग्रुपवर टाकला. खाली टाळ्यांची रांग लागली. घरी त्यानं कागद श्रुतीच्या पुढ्यात ठेवला. तिनं तो दोनदा वाचला, घडी घातली आणि कपाटात ठेवला. बरं झालं, एवढंच ती म्हणाली. तिच्या आवाजात आनंद कमी आणि विचार जास्त होता, हे त्याला कळलं, पण त्यानं कळून घेतलं नाही.

कान ठीक, म्हणजे दोष सिंबलांचाच. निकाल लागला होता. तरी त्याला चैन पडत नव्हतं. नवी सिंबल घ्यायची म्हणून तो दोन दुकानं फिरला, एकही वाजवून मनाला पटली नाही. दुपारी झोपला तर शिट्टीनं उठवलं. कागद कपाटात होता, पण अंगठा मधूनच मांडीवर उठत होता, जरा थांबून पुन्हा, आणि चौथ्यानंतर थोडा जास्त थांबून. तो हात खिशात घालायचा.

त्याच आठवड्यात गडहिंग्लजहून हंबीरराव देसायांचा फोन आला. हंबीरराव ऊसवाले, गोठा मोठा, आणि त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी अनुजा दीड वर्षापासून ड्रम शिकत होती. पोरीला सिंबल घ्यायच्या आहेत, तुम्ही बरोबर असल्याशिवाय घेणार नाही म्हणते, तर पावणं, जरा वेळ काढा. प्रसेनजीतला एकदम हुशारी आली. लक्ष्मीपुरीतल्या वाद्यांच्या दुकानात भेटायचं ठरलं.

दुकानदारानं पाच जोड्या हायहॅट काढून मांडल्या. प्रसेनजीतनं अनुजाला आधी समजावलं. सिंबल डोळ्यानं घ्यायची नाही, नावावर घ्यायची नाही, ती पुढच्या रांगेतल्या म्हातारीलाही कळली पाहिजे आणि शेवटच्या रांगेतल्या पोरालाही. मग तो एकेक वाजवत गेला. पहिली बसलेली. दुसरी बसलेली. तिसरी जरा बरी, तरी बसलेलीच. चौथी पुन्हा तशीच. पाचवी वाजवली आणि त्याचा चेहरा उजळला. इतक्या महिन्यांनी त्याला तो आवाज ऐकू आला होता, थोडासा, पण स्वच्छ. त्यानं ती पुन्हा वाजवली, मग आणखी जोरात, मग एक लांबलचक ठेका धरला, डोळे मिटून, जुना माणूस भेटावा तसा.

डोळे उघडले तेव्हा दुकानदार काउंटरमागून दोन पावलं मागे सरकला होता. हंबीररावांनी फेट्याचं टोक कानावर धरलं होतं. ट्रॅक्टर, मळणी यंत्र, कारखान्याचा भोंगा यात जन्म काढलेला माणूस तो. आणि अनुजानं दोन्ही कानांवर हात घट्ट दाबले होते.

"ही घे," प्रसेनजीत म्हणाला. "डोळे झाकून घे."

अनुजानं हात काढले, वडिलांकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"सर, ही कानात टोचती," ती म्हणाली. "तिसरी चांगली हाय की. तिसरी लई गोड हाय."

त्यानं तिसरी पुन्हा वाजवली. फडकं. त्यानं दुकानदाराकडे पाहिलं. दुकानदार त्याला पंधरा वर्षं ओळखत होता, त्याच्या शब्दावर त्यानं शेकडो गिऱ्हाइकं केली होती. तो बिल-बुकाची पानं उलटायला लागला. कशीबशी मान हलवून, जरा काम आहे असं पुटपुटून प्रसेनजीत बाहेर पडला. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

गाडीपाशी तो नुसता उभा राहिला. अंगठा मांडीवर उठत होता. जरा थांबून पुन्हा. चौथ्यानंतर थोडा जास्त. रस्त्यावर रिक्षा, टेम्पो, माणसं, केवढा कल्लोळ, आणि त्या कल्लोळात त्याला राजवीरच्या तपासणीचा अख्खा तुकडा पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठ होता. फक्त त्यात सूर नव्हते. जागा होत्या, लांबी होती, थांबणं होतं, सूर एकही नव्हता. त्यानं न वाजलेल्या सुरांवर बटण दाबलं होतं, आणि ते इतकं तालात दाबलं होतं की यंत्रही फसलं.

गाडी त्यानं तशीच राजारामपुरीकडे वळवली. राजवीर चहा घेत होता. प्रसेनजीत म्हणाला, पुन्हा तपासा. राजवीरला वाटलं कागद हरवला. मग प्रसेनजीतनं टेबलावर दोन बोटांनी त्याची तपासणी वाजवून दाखवली, कागदावर खूण करायला तो थांबतो त्या जागेसकट. राजवीर ऐकत राहिला आणि त्याचे कान लाल झाले. आपण ताल धरतो हे त्या पोराला माहीतच नव्हतं. कुणालाच नसतं. तो माफी मागायला लागला तेव्हा प्रसेनजीतनं त्याला थांबवलं. चूक तुमची थोडी, माझी जास्त, म्हणाला. आणि आता असं सोडा की मला पकडता येणार नाही.

राजवीरनं डोकं लढवलं. नोंदवहीतले पेशंटांचे फोन नंबर समोर ठेवायचे आणि जो आकडा येईल तेवढे सेकंद थांबून सूर सोडायचा. मधे शून्य आलं तर लगेच. प्रसेनजीत काचेकडे पाठ करून बसला.

पहिले जाड सूर आले. दाबले. मग थोडे बारीक. दाबले, काही सुटल्यासारखे वाटले. मग काहीच येईना. तो वाट बघत राहिला. ताल शोधायला गेला तर हाताला काही लागेना. अंधारात पायरी चुकावी तसं व्हायला लागलं. अंगठा दोनदा उठला आणि त्यानं तो परत ठेवला, कारण खोटं दाबायचं नाही असं ठरवून तो आला होता. खोलीत फक्त त्याची शिट्टी. सूर येत असतील. येऊन जात असतील. तिकडे काचेपलीकडे ते पोरगं एकामागून एक सूर सोडत असेल आणि वाट बघत असेल. आयुष्यात पहिल्यांदा प्रसेनजीत इतका वेळ न हलता बसला होता, आणि त्याला इतकी भीती कधी वाटली नव्हती.

नव्या कागदावरची रेघ डावीकडे, जाड सुरांपाशी, बरी होती आणि उजवीकडे, बारीक सुरांकडे, जिना उतरावा तशी खाली गेली होती. राजवीरनं आता आडपडदा ठेवला नाही. बारीक आवाजांचा बराच भाग गेला आहे, तो परत येणार नाही. राहिलंय ते राखता येईल, पण उघड्या कानांनी वाजवणं आजपासून बंद. त्यानं कानाच्या मापाची बुचं करायची सोय असल्याचं सांगितलं, म्हणजे आवाज सगळे येतात पण कमी होऊन येतात. प्रसेनजीतनं तिथल्या तिथं मान डावीकडे वाकवली. माप घ्यायला कानात गार, गुलाबी लगदा भरला गेला. तो घट्ट होईपर्यंत पाच मिनिटं बोलायचं नव्हतं. त्या पाच मिनिटांत त्याला आठवलं, की अठरा वर्षांत आपण स्टुलं चार बदलली, पेडलं सहा, सिंबलांची तर गणतीच नाही, आणि कानांसाठी ही पहिली वस्तू.

घरी जाऊन त्यानं श्रुतीला सगळं सांगितलं. ती त्याच्या अगदी शेजारी येऊन बसली. मग त्यानं हंबीररावांना फोन लावला. पोरगी म्हणते तीच, तिसरी जोडी घ्या, म्हणाला. पण त्याआधी तिच्या कानाच्या मापाची बुचं करून घ्या, पत्ता मी देतो.

"कानाला कशाला?" हंबीरराव म्हणाले. "पोरीचं कान चांगलं हायत की."

"चांगलं हायत म्हणूनच."

हंबीररावांनी पत्ता लिहून घेतला. मग बरं म्हणाले.

आता राहिला आकाराम. ते सगळ्यात अवघड होतं. मंगळवार पेठेत एका गोदामाच्या माडीवर चांदणीची तालीम चालायची. प्रसेनजीत तासभर आधी गेला, माडीवर चढला, उतरला, कोपऱ्यावर जाऊन चहा घेतला, पुन्हा चढला. आकाराम एकटाच वायरी सोडवत बसला होता. प्रसेनजीतनं उभ्या उभ्या कागद पुढे केला आणि एका दमात सांगून टाकलं. दुसरा ड्रमर बघायचा असेल तर बघ, मी जागा मोकळी करतो, हेही सांगून टाकलं.

आकारामनं कागद बघितला, त्यातलं त्याला काही कळलं नाही, तो त्यानं कीबोर्डवर ठेवला. मग त्यानं वायरी खाली ठेवल्या.

"तुझ्या सिंबलांचं माईक गेल्या दिवाळीपासनं बंद हायत," तो म्हणाला.

प्रसेनजीतला आधी वाटलं, हेही नीट ऐकू आलं नाही.

"गुंडूला मीच सांगितलं बंद कर म्हणून. पब्लिक उठून जायला लागलतं. नुसत्या उघड्या आवाजाचाच त्रास व्हायचा, त्यात माईक कशाला."

गुंडू म्हणजे साउंडवाला. म्हणजे वर्षभर, प्रत्येक कार्यक्रमात, गुंडू समोर बसून त्याला हात हलवून सगळं ठीक म्हणत होता आणि सिंबलांची बटणं खाली ओढलेली होती. सगळ्यांना माहीत होतं. गायकांना, बेसवाल्याला, टेम्पोवाल्यालाही असेल.

"मग मला का न्हाय सांगितलंस?" त्याचा आवाज फुटला.

"कसं सांगू, प्रसेन? जिल्ह्यात कुणाला काय घ्यायचं झालं तर तुला विचारत्यात. तुला सांगणार कोण?" आकाराम त्याच्याकडे न बघता म्हणाला. "दुसरा बघायचा इचार केला व्हता. दोघं येऊन वाजवून बी गेले. ठेका तुझ्यासारखा एकाचा बी न्हाय. म्हटलं, सिंबल काय, बंद करता येती."

प्रसेनजीत स्टुलावर बसला. राग आला होता, एवढा की कीबोर्ड उचलून खाली टाकावा. आणि त्याच रागाच्या पोटात हेही होतं, की दोघं येऊन गेले तरी जागा याचीच राहिली. दोन्ही एकदम सोसेना. त्यानं तोंडावर हात ठेवला आणि तो रडला. आकाराम वायरी सोडवत राहिला, कारण दुसरं काय करावं ते त्यालाही सुचत नव्हतं.

"रविवारी हातकणंगल्याला गुंडूला माईक चालू करायला सांग," प्रसेनजीत डोळे पुसत म्हणाला.

"आणि परत तसंच वाजलं तर?"

"तर तिथंच थांबव मला. सगळ्यांच्या देखत."

रविवारी दुपारी हातकणंगल्यातल्या लग्नाच्या हॉलमध्ये पाचशे माणसं जेवून समोर येऊन बसली. प्रसेनजीतनं आदल्या दिवशीच तयार होऊन आलेली बुचं कानात बसवली. सगळं दूर गेलं, भिंतीपलीकडे कार्यक्रम चालू असावा तसं. फक्त शिट्टी होती तिथंच राहिली. त्यानं गुंडूकडे पाहिलं. गुंडूनं नजर चुकवली, मग दोन बटणं सावकाश वर सरकवली.

पहिलं गाणं सुरू झालं. प्रसेनजीतनं हायहॅटवर काडी ठेवली, मारली नाही, ठेवली. निम्म्या जोरानं, मग त्याच्याही निम्म्या. त्याला ती ऐकू येत नव्हती. मनगटाला कळत होतं की काडी टेकली, परत आली, टेकली, परत आली, पण आवाज नाही. हात जड होऊ बघत होता. एकच जोराचा फटका मारावा आणि ऐकावं, एवढंच त्याला वाटत होतं. त्यानं तो हात आवरला. दुसरं कडवं आलं. तो आकारामकडे बघत होता, आता हात वर करील, आता थांबवील. आकाराम कीबोर्डवर वाकलेला होता.

चांदणीची गायिका स्वप्नाली गात होती. वर्षभरापासून ती स्टेजच्या पार पलीकडच्या टोकाला उभी राहून गायची. तिकडे उजेड चांगला पडतो म्हणून असेल, असं प्रसेनजीत समजून होता. आज कडवं संपता संपता ती माईक हातात घेऊन चालत आली, तारांवरून पाय उचलत, आणि ड्रमच्या अगदी शेजारी, हायहॅटपासून हातभर अंतरावर येऊन उभी राहिली. ती त्याच्याकडे बघतही नव्हती, लोकांकडे बघून गात होती. तिचा मोकळा हात कमरेशी होता आणि तिची बोटं त्याला ऐकू न येणाऱ्या ठेक्यावर हलत होती. प्रसेनजीतनं त्या बोटांवर डोळे ठेवले आणि वाजवत राहिला.